पालथ्या वाटीची रीत

मी एक जुनी वाटी आहे. मित्रांनो, भांड्याचा जन्म भरण्यासाठी असतो, असे तुम्ही समजत असाल. परंतु माझ्या दीर्घ आयुष्यात मला जो काही मान मिळाला, तो प्रामुख्याने रिकामी असल्याबद्दल मिळाला. ऐकताना ही गोष्ट गंमतीची वाटते. मलाही ती पुष्कळ वर्षे तशीच वाटत होती. पुढे एका लहान मुलीच्या घासाचा प्रश्न उभा राहिला आणि त्या मानाचे मोल कोण चुकते करीत आहे, हे मला दिसू लागले. ती हकीकत मी तुम्हांला आरंभापासून सांगते.

माझा पिंड लोखंडाचा आहे. एका कारखान्यात पातळ पत्र्याची गोल चकती कापली गेली, ती साच्यात दाबली गेली आणि मला खोली प्राप्त झाली. मग काचेच्या दाट, पांढऱ्या घोळात बुडवून मला भट्टीत ठेवण्यात आले. त्या दाहात काच वितळली आणि माझ्या अंगाशी एकरूप झाली. अशा भांड्यांना बाजारात इनॅमलची भांडी म्हणतात. ती हलकी असतात, स्वस्त असतात आणि आपटली की मोठ्याने बोलतात.

अखेरीस मी एका वयस्क रंगारीणबाईंच्या पुढ्यात आले. फिरत्या चाकावर वाटी ठेवायची, कुंचला स्थिर धरायचा आणि काठाला निळी रेघ ओढायची, हे त्यांचे काम. माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या बाई काहीतरी पुटपुटल्या, रंगारीणबाईंना हसू फुटले आणि कुंचला थरथरला. माझ्या काठावरची रेघ एका जागी फुगली. जणू शांत पाण्यावर एकच लाट उठावी तशी.

देखरेख करणारे गृहस्थ म्हणाले, "ही बाजूला काढा. सदोष आहे."

रंगारीणबाई म्हणाल्या, "अहो, बाजूला कशाला? पोरंच जेवणार ना त्यात? पोरांना लाट आवडते!"

त्या एका वाक्याने मी वाचले. टेकडीवरच्या एका वसतिगृहासाठी वाट्यांचा मोठा गठ्ठा रवाना होत होता, त्यात मला घालण्यात आले.

त्या वसतिगृहात आईवडिलांचे छत्र हरपलेली मुले राहत. भोजनगृह लांबट होते. त्यात लाकडी मेजांच्या रांगा होत्या आणि उंचावरच्या खिडक्यांतून दुपारचे ऊन तिरपे उतरत असे. स्वयंपाकघरावर एका तरुण स्वयंपाक्याचे राज्य होते. मुले त्यांना काका म्हणत. तो काळ धान्यटंचाईचा होता. काका भोपळ्याची साल फुकट घालवीत नसत आणि गाजराच्या पाल्यातूनही चव काढीत. पातेले लहान आणि तोंडे पुष्कळ, अशी नित्याची स्थिती. तरीही कोणाच्या वाटीत कमी पडले, असे मी कधी पाहिले नाही. काकांच्या स्वतःच्या वाटीत मात्र अनेकदा कमी पडे. ते मी आतून पाहिले आहे, कारण मुलांमागून ते जेवत तेव्हा ती वाटी मीच असे.

त्या भोजनगृहात एक रीत होती. जेवण झाले की प्रत्येक मुलाने आपली वाटी मेजावर पालथी घालायची. मग काका खांद्यावर पंचा टाकून मेजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश चालत जात. पालथ्या वाटीपाशी ते थांबत नसत. जिथे वाटी सुलटी राहिलेली असे, तिथे थांबत. बाकावर त्या मुलाशेजारी बसत, हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लावीत आणि विचारीत, "पोट काय म्हणतंय?"

मित्रांनो, हा प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरांत मी अवघे बालपण पाहिले. कोणाची दाढ दुखत असे. कोणाला ताप भरत असे. कोणाचा जिवलग सवंगडी त्या सकाळी दुसऱ्या गावी पाठवला गेलेला असे. पालथी वाटी म्हणजे 'माझे बरे आहे' आणि सुलटी वाटी म्हणजे 'मला विचारा', एवढाच त्या रीतीचा अर्थ होता. शंभर मुलांच्या गलक्यात हाक मारण्याचे धैर्य नसलेल्या मुलाची ती मुकी हाक होती. सुलट्या वाटीबद्दल काका कोणाला रागावल्याचे मला आठवत नाही. उरलेले अन्न ते झाकून ठेवीत आणि तिसऱ्या प्रहरी ज्याला भूक लागे त्याला देत.

माझ्या लाटेमुळे मुलांमध्ये माझ्यासाठी ओढाताण होई. "लाटवाली माझी!" "काल तुझी होती, आज माझी!" अशी भांडणे रोज चालत. सदोष म्हणून बाजूला निघालेल्या वाटीला एवढे भाग्य लाभावे, याचे मला नवल वाटे.

वर्षे लोटली. टंचाई सरली. वसतिगृहात नवे व्यवस्थापक आले. ते शिस्तीचे भोक्ते होते आणि मनाने वाईट नव्हते. पालथ्या वाट्यांची रांग पाहून त्यांना परम संतोष झाला. "अन्नाचा कणही वाया जात नाही, असं भोजनगृह मी दुसरं पाहिलं नाही," असे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. पाहुणे येत, रांग पाहत आणि काकांचे कौतुक करीत. एका समारंभात काकांना व्यासपीठावर बोलावून त्यांचा गौरव झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी मेजावर एकही वाटी सुलटी असू नये, असे मुलांना आधीच बजावण्यात आले होते.

प्रशंसा ही विलक्षण गोष्ट आहे. ती माणसाला वाईट करीत नाही. हळूच त्याचे तोंड दुसरीकडे वळवते, इतकेच. काका पूर्वी सुलटी वाटी शोधत चालत. पुढे ते पालथ्या वाट्या पाहत चालू लागले. रीत तीच राहिली. तिच्यातला प्रश्न मात्र केव्हा गळून पडला, हे त्यांना कळले नाही. मला कळले, परंतु वाटीला भरण्यापुरते तोंड असते, बोलण्यापुरते नसते.

कालांतराने काका निवृत्त झाले. वसतिगृहात पोलादी भांडी आली आणि आम्हां जुन्या वाट्यांचा ढीग मागच्या ओसरीवर पडला. निघताना काकांनी त्या ढिगातून मला उचलले, पंच्याने पुसले आणि पिशवीत घातले. पुष्कळ दिवस मी त्यांच्या घरातल्या फळीवर स्वस्थ होते. मग त्यांच्या मुलीला कन्यारत्न झाले आणि नातीला पहिली भेट म्हणून मला पाठवण्यात आले.

काकांची मुलगी ग्रंथालयात काम करी. जावई घड्याळे दुरुस्त करीत, म्हणून सारे त्यांना घड्याळजी म्हणत. घराच्या पुढल्या खोलीतच त्यांचे दुकान होते, त्यामुळे स्वयंपाकघरातही अखंड टिकटिक ऐकू येई. नात अंगाने इवलीशी आणि स्वभावाने तडतडी होती, म्हणून सगळे तिला मोहरी म्हणत.

मोहरी आधाराने बसू लागली, दुसऱ्याच्या घासाकडे टक लावून पाहू लागली, तेव्हा तिच्या आईने माझ्यात उकडलेला भोपळा कुस्करून तिच्यापुढे ठेवला. पहिला घास तिने जिभेने बाहेर ढकलला. दुसऱ्याची तीच गत झाली. आई हसली आणि म्हणाली, "ओळख नाही ना अजून? असू दे, होईल." दुसऱ्या दिवशी भोपळा पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी आला नाही; चौथ्या दिवशी आला. कोणी गळ घातली नाही, कोणी खंत केली नाही. असे होता होता एका सकाळी मोहरीने दोन्ही हात माझ्यात घातले, भोपळा गालांना, कपाळाला आणि केसांना माखला, आणि जो काही अंश तोंडात गेला तो डोळे मिटून गिळला. घड्याळजी दारात उभे राहून म्हणाले, "अगं, ही भोपळा खातेय की भोपळा हिला खातोय?"

त्या दिवसांत मी कधी पूर्ण रिकामी होई, कधी अर्धी, कधी केवळ चाटली जाई. मोहरीने तोंड फिरवले की आई चमचा खाली ठेवी. मोहरी वाढत होती, हसत होती आणि दिसेल त्या भाजीला हात घालीत होती.

ती तीन वर्षांची झाली त्या सुमारास आजी निवर्तली. काका एकटे पडले. मुलीने त्यांना आपल्या घरी आणले. आता मीही त्यांना आजोबाच म्हणते. मुलीला पुन्हा दिवस गेले होते, तिला स्वयंपाकाचा त्रास होई. तेव्हा आजोबांनी आपणहून चूल हाती घेतली. पत्नीच्या वियोगानंतर त्यांना जगण्यासाठी काहीतरी काम हवे होते आणि त्यांना तेच एक काम येत होते. ते पहाटेपासून भाज्या निवडीत, सार उकळीत, लापशी ढवळीत. त्या रांधण्यात अपार माया होती. म्हणूनच, मोहरीने पहिल्या दिवशी माझ्या तळाशी थोडे सार ठेवून खुर्चीवरून उडी मारली, तेव्हा त्यांच्या काळजाला घरे पडली.

"अगं अगं, असं उठायचं नसतं," ते म्हणाले. "आमच्याकडे वाटी पालथी घातल्याशिवाय कोणी उठत नसे."

"पालथी म्हणजे?"

आजोबांनी करून दाखवले. मोहरीला ती मोठी मौज वाटली. तिने उरलेले सार घटाघटा पिऊन मला मेजावर थाडकन पालथी घातले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, आईने वाजवल्या, दुकानातून घड्याळजींनीही वाजवल्या. मित्रांनो, मला तेव्हा जुन्या दिवसांची आठवण होऊन भरून आले.

काही महिने हा खेळ आनंदाचा होता. परंतु मोहरी आता भुकेसाठी खात नव्हती, टाळीसाठी खात होती. पोट भरल्यावरही ती आजोबांच्या हातांकडे पाहत घास कोंबी. मग एकदा तिला ताप आला. ताप उतरला, भूक मात्र लगेच परतली नाही. लहान मुलांची भूक अशीच असते. ती चंद्राप्रमाणे कमी-अधिक होते आणि आपल्या गतीने पुन्हा भरते. आजोबांना एवढे थांबणे जमले नाही. ज्या माणसाने शंभर मुलांचे पोट भरले, त्याच्या घरात त्याचीच नात उपाशी राहते की काय, या भयाने त्यांना ग्रासले.

प्रथम गोष्टी आल्या. एक घास चिऊचा, एक काऊचा. गोष्ट ऐकता ऐकता मोहरीचे तोंड नकळत उघडे आणि चमचा आत जाई. मग घड्याळजींनी लंबक काढून तिच्या डोळ्यांपुढे हलवला. ती लंबकाकडे पाही आणि घास आत जाई. मग साखरेच्या गोळ्यांची बरणी मेजावर आली. "एवढं गाजर संपवलंस की एक गोळी." त्या दिवसापासून गाजर ही शिक्षा झाली आणि गोळी हे बक्षीस. ज्या मुलीने भोपळ्याने केस माखले होते, ती गाजराकडे औषधाकडे पाहावे तसे पाहू लागली. ती घास गालात धरून बसे. गाल फुगलेला, डोळे भरलेले, आणि समोर तीन मोठी माणसे तिच्या गळ्याकडे पाहत आहेत, असे ते दृश्य असे.

"गिळ बघू, राणी. गिळ."

"बाबा, राहू द्या ना आता," आई म्हणे.

"राहू द्या काय? वाटीत बघ किती आहे! तू लहानपणी अशी नव्हतीस."

"मी अशीच होते. आई तुम्हांला सांगत नसे."

आजोबा चमचा पुन्हा भरत.

एका दुपारी माझ्यात वाटाण्याचे दाट सार होते. मोहरी त्याकडे पाहत पुष्कळ वेळ बसली. आजोबा म्हणाले, "हे बघ, वाटी पालथी झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही." मोहरीने त्यांच्याकडे पाहिले. विचार केला. मग दोन्ही हातांनी मला धरले आणि भरलेल्या सारासकट शांतपणे पालथी घातले.

सार मेजावर पसरले, कडेवरून ओघळले, आजोबांच्या धुतल्या वस्त्रांवर आले.

"पालथी घातली," ती म्हणाली. "आता उठू?"

मित्रांनो, त्या मुलीने उद्दामपणा केला नव्हता. तिला जे मागितले गेले, तेच तिने दिले होते. परंतु आजोबांना त्या क्षणी आपले सारे आयुष्य कोणी लवंडून दिले असे वाटले असावे. "अन्न सांडतेस!" म्हणत ते ताडकन उठले, त्यांचा हात मला लागला आणि मी फरशीवर आदळले. माझ्या काठाचा टवका उडाला. लाटेच्या अगदी शेजारी. आत दडलेले काळे लोखंड प्रथमच उजेडात आले. मोहरी रडली नाही. ती मेजाखाली शिरली आणि आईने ओढून काढेपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर माझा आवाज ऐकला की ती लपू लागली. फळीवरून मला उचलताना होणारा तो हलका टणत्कार तिच्या कानी पडे आणि ती दुकानातल्या मोठ्या घड्याळामागे जाऊन बसे. ज्या वाटीसाठी एके काळी मुले भांडली, तिच्या आवाजाने एक मूल लपते, याहून मोठे दुःख मला कधी झाले नाही.

मोहरी वाळली. तिचे फ्रॉक खांद्यांवरून घसरू लागले. आईने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. परत आल्यावर तिने त्यांचे म्हणणे आजोबांना सांगितले. आजार काही नव्हता. वजन मात्र उतरले होते, आणि ते असेच उतरत राहिले तर चिंता करावी लागेल, असे त्या म्हणाल्या होत्या. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलीला ठरवू द्यावे. आणि पुढच्या महिन्यात तिला पुन्हा दाखवावे, असे त्यांचे सांगणे होते.

"किती खायचं ते पोरीनं ठरवायचं?" आजोबा म्हणाले. "मग ती काहीच ठरवणार नाही. वाळून काडी झालीय ती! डॉक्टरीणबाई शहाण्या आहेत, पण त्यांनी टंचाई नाही पाहिली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्या भीतीपुढे मुलीचे काही चालेना.

फ्रॉक अंगाला बसेनात, म्हणून ते घट्ट करून घेण्यासाठी आई ते घेऊन शिंपीणबाईंकडे गेली. वाढत्या मुलांचे कपडे उसवून मोठे करतात. हिचे लहान करायला आणलेले पाहून शिंपीणबाईंनी कारण विचारले. बोलता बोलता आजोबांचा आणि टेकडीवरच्या वसतिगृहाचा उल्लेख निघाला. शिंपीणबाईंच्या हातातली टाचणी तशीच राहिली. "कपडे मी घरी घेऊन येते," एवढेच त्या म्हणाल्या. ही हकीकत आईने मागाहून सांगितली, म्हणून मला ठाऊक झाली.

त्या आल्या तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. गोलसर बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेल्या. आजोबांनी त्यांना ओळखले नाही. शिंपीणबाईंनी वाकून नमस्कार केला आणि त्यांची दृष्टी मेजावर माझ्याकडे गेली.

"अगं बाई! लाटवाली!" त्यांनी मला उचलून घेतले आणि फुगलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला. "काका, ही अजून आहे? हिच्यासाठी मी एकीचे केस ओढले होते!"

आजोबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू उमटले. "वसतिगृहातली तू? कोणती गं?"

"कुठून आठवणार तुम्हांला? आम्ही शंभर जणी-जण. मी ती, पहिल्या दिवसापासून वाटी पालथी न घालणारी."

आजोबांचे हसू मावळले. मोहरी घड्याळामागून डोकावून पाहत होती.

"आई गेली त्याच आठवड्यात मला तिथे आणलं," शिंपीणबाई सांगू लागल्या. "घशाखाली काही उतरत नव्हतं. मला वाटायचं, आता हे लोक मारणार. तुम्ही रोज येऊन शेजारी बसायचात. कपाळाला हात लावायचात. एक दिवस मी विचारलं, नाही खाल्लं तर तुम्ही हाकलून द्याल का? तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आजोबांनी मान हलवली. आठवत नव्हते.

"तुम्ही म्हणालात, 'आज नको असेल तर नको. उद्याही चूल पेटणारच आहे.'" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "काका, त्या वेळी माझं सगळं गेलं होतं. उद्या म्हणून काही आहे, हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. त्यानंतर केव्हातरी मी जेवायला लागले. आणि आता बघा, थांबायचं नाव नाही!" असे म्हणून त्यांनी आपल्या कमरेभोवतीच मोजपट्टी गुंडाळून दाखवली.

घड्याळामागून खुदकन हसण्याचा आवाज आला.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी शिंपीणबाईंच्या हातून मला घेतले. त्यांचा अंगठा लाटेवरून सरकत टवक्यापाशी येऊन थांबला. शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, "असं म्हणायचो मी?"

"रोज," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्यांनी आग्रह केला नाही, उपदेश केला नाही. फ्रॉक मेजावर ठेवले. निघताना मोहरीला एवढेच म्हणाल्या, "शिवणीत कापड राखून ठेवलंय हं. कापलेलं नाही. हवं तेव्हा उसवून देईन."

त्या सायंकाळी आजोबांनी साखरेच्या गोळ्यांची बरणी मेजावरून उचलून आत ठेवली. माझ्यात थोडेसेच सार वाढले, पूर्वी वाढत त्याच्या निम्मेही नसेल. शेजारी एका ताटलीत उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवले. मग त्यांनी स्वतःचे ताट वाढून घेतले आणि जेवायला बसले. मी चकित झाले. इतके महिने ते मोहरीचे जेवण संपल्यावर एकटे जेवत. तिच्यासमोर त्यांनी कधी घास खाल्लाच नव्हता. आईही बसली. घड्याळजी हात धुऊन बसले. कोणी मोहरीकडे पाहिले नाही. पुष्कळ दिवसांनी त्या घरात जेवताना जेवणाखेरीज दुसरे काही बोलले गेले. घड्याळजींनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, ज्याने बंद घड्याळ आणून 'हे मागे पडतं' अशी तक्रार केली होती.

मोहरी मेजापासून दूर उभी राहिली. मग खुर्चीपर्यंत आली. मग खुर्चीवर चढली. तिने गाजराचा एक तुकडा उचलला, हुंगला, खाली ठेवला. चमचाभर सार घेतले. पुन्हा एक चमचा. आणि थांबली. तिने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती वाट पाहत होती. कशाची, ते आम्हां सर्वांना ठाऊक होते.

आजोबा उठले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. हाताची मागची बाजू त्यांनी तिच्या कपाळाला लावली.

"पोट काय म्हणतंय?"

हे तिला कोणी कधी विचारले नव्हते. तिने हनुवटी छातीला टेकवली आणि पोटाचे काही ऐकू येते का, हे खरोखरच ऐकून पाहिले.

"म्हणतंय, बास."

घरातली टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. माझ्या तळाशी सार होते. चमचा माझ्या काठावर टेकलेला होता आणि आजोबांचा हात त्याच्या अगदी जवळ होता. मित्रांनो, आयुष्यभर भरवणाऱ्या हाताला न भरवणे किती जड जाते, ते मी त्या क्षणी पाहिले. त्यांनी चमचा उचलला आणि बाजूला ठेवला.

"नको असेल तर नको," ते म्हणाले. "उद्याही चूल पेटणारच आहे."

मोहरी खुर्चीवरून उतरली. चार पावले गेली, वळून पाहिले आणि खेळायला पळाली. आजोबांनी मला सुलटीच उचलले, सार सांडू न देता आत नेले आणि झाकून ठेवले. व्यासपीठावर त्यांचा गौरव झाला तेव्हा मी पालथी होते. त्या सायंकाळी कोणी टाळी वाजवली नाही. परंतु माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यांनी तेव्हा केले.

दुसऱ्या दिवशी सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. त्या दिवशी मोहरीने जवळजवळ काहीच खाल्ले नाही. आजोबा मागच्या दारी जाऊन बसले आणि स्वतःचे हात घट्ट धरून राहिले. कधी ती एका भाजीलाच चिकटून राही, कधी केवळ दूध मागे. महिना सरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पाहिले. वजन वाढले नव्हते. उतरायचे मात्र थांबले होते. "असंच चालू द्या," त्या म्हणाल्या. रोज ठरल्या वेळी चूल पेटे, रोज सर्वजण एकत्र बसत, आणि मधल्या वेळी तोंडात टाकायला गोळ्या नसत, म्हणून जेवणाच्या वेळी भूक घरी असे. मोहरी आजोबांबरोबर वाटाणे सोलू लागली. सोलताना निम्मे तोंडात जात. आजोबा न पाहिल्यासारखे करीत. एके दिवशी तिने कच्च्या गाजराचा तुकडा कडाकडा चावला आणि म्हणाली, "आजोबा, हे घड्याळासारखं वाजतं!" आवाज न करता रडता येते, हे मला त्या दिवशी आजोबांकडे पाहून कळले.

पुढल्या ऋतूत शिंपीणबाईंना फ्रॉक पुन्हा उसवावे लागले.

दरम्यान मोहरीला भाऊ झाला होता. तो बसू लागला तेव्हा माझ्याऐवजी नवी वाटी आली. माझ्या टवक्यातून गंज डोकावू लागला होता आणि टवका उडालेल्या भांड्यातून बाळाला भरवू नये, हे योग्यच आहे. मी मेजाच्या कडेला असे. घड्याळजी बाळाला भरवीत होते. बाळाने दोन घास घेतले आणि तोंड फिरवले. चमचा त्याच्या तोंडामागे गेला. बाळाने दुसरीकडे फिरवले. चमचाही तिकडे गेला.

"हा शेवटचा हं, सोन्या, शेवटचा."

"बाबा," मोहरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्याला बोलता येत नाही, तर तो मानेनं सांगतोय. ऐकू येत नाही का तुम्हांला?"

घड्याळजींनी चमचा खाली ठेवला. आजोबा चुलीपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पंच्याने डोळे मात्र पुसले.

आता आजोबांची पावले मंदावली आहेत आणि मी खिडकीपाशी असते. माझ्यात धुतलेली फळे ठेवतात. मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर माझी जागा आहे, आणि हे आजोबांनीच ठरवले. मित्रांनो, तुमच्या पुढ्यात येणाऱ्या अन्नाचा आदर करा. अनोळखी चवीला एका भेटीत परतवून लावू नका. तिला पुन्हा येऊ द्या. भूक लागली की मन लावून जेवा, पोट 'बास' म्हणाले की ऐका. आणि ही हकीकत तुम्हांला जे कोणी वाचून दाखवत असतील, त्यांनाही माझी नम्र विनंती आहे: मायेने रांधा, वेळेवर वाढा, सोबत बसा आणि मग हात आवरा. मुलाची वाटी सुलटी राहिली, तर ती तुमची मानहानी नव्हे. ते मूल तुम्हांला जवळ बोलावीत आहे.

मलाही अजून पालथी घालतात. फळे संपली की मोहरी मला धुते आणि पाणी निथळावे म्हणून फळीवर पालथी ठेवते. कोरडी झाले की तीच येऊन मला सुलटी करते.